हात लांब करायचं वय

गेल्या वर्षी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, वार्षिक सभेत भांडण झालं ते बाकांवरून. चर्चमधले जुने सागवानी बाक पॉलिश करून वापरायचे की विकून खुर्च्या आणायच्या, एवढाच प्रश्न होता. एका बाजूला ७८ वर्षांचे माजी खजिनदार, दुसऱ्या बाजूला ८१ वर्षांचे माजी सेक्रेटरी. दोघांनी उभं आयुष्य शब्बाथशाळेत, म्हणजे रविवारच्या बायबल-वर्गात, पोरं शिकवण्यात घातलेलं, दोघांना अर्धं गीतपुस्तक तोंडपाठ. पंधराव्या मिनिटाला बाक बाजूला राहिले आणि १९८७ सालच्या नाताळच्या जेवणाचा हिशेब निघाला. मटणाचा तेव्हाचा भाव काय, इथपर्यंत. पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थना करून विषय मिटवू. तर प्रार्थना कोणी करायची यावर आणखी दोन मिनिटं गेली.

माझ्या शेजारी तरुण संघातला एक मुलगा बसला होता. सभा सुरू झाल्यापासून मोबाईलमध्ये डोकं घालून होता, तो आता मान वर करून बघायला लागला. हळूच मला म्हणाला, "काका, हे दोघं आधीपासून असेच होते का?"

"नाही रे," मी म्हटलं. "चांगले होते."

ते खरंच चांगले होते. म्हणूनच हा प्रश्न वर्षभर माझ्या डोक्यातून गेलेला नाही. वाईट माणूस म्हातारपणी वाईटच राहिला तर त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण तीस-चाळीस वर्षं उपासनेला नेमाने येणारी, कमाईचा दहावा भाग, दशांश, देणारी, दुसऱ्याच्या आजारपणात रात्री जागवणारी माणसं सत्तरी ओलांडल्यावर आंबट का होतात? आणि आपण मंडळी म्हणून ते का चालवून घेतो? मी स्वतः ६८ वर्षांचा आहे. तेव्हा हे सगळं मी बाहेर उभा राहून लिहितोय असं कोणी समजू नये.

आपल्याकडे एक समजूत पक्की बसलेली आहे. वय वाढलं की विश्वास वाढतो, विश्वास वाढला की स्वभाव सुधारतो, आणि हे सगळं आपोआप होतं, झाडावर चिंच गाभुळते तसं. बायबलातल्या नीतिसूत्रांत पिकलेल्या केसांना शोभेचा मुकुट म्हटलं आहे. ते वचन आम्ही पंचाहत्तरीच्या सत्काराच्या पत्रिकेवर छापतो. हा मुकुट नीतीच्या वाटेने चालल्यावर मिळतो, हा त्याच वचनाचा उरलेला अर्धा भाग मात्र पत्रिकेवर कधी दिसत नाही.

पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, स्वतः म्हाताऱ्यांबद्दल इतकं भाबडं नाही. तरुणपणी देवाकडे धन नको, दीर्घायुष्य नको, शहाणपण दे म्हणणारा शलमोन राजा म्हातारा झाला तेव्हा त्याचं मन फिरलं. १ राजे अकराव्या अध्यायात 'म्हातारा झाला तेव्हा' असं स्पष्ट लिहिलं आहे. हिज्कीया राजाला रडून मागितल्यावर पंधरा वर्षं वाढवून मिळाली, आणि त्या वाढीव आयुष्यात त्याने काय केलं, तर बाबेलहून आलेल्या पाहुण्यांना आपलं सगळं भांडार उघडून दाखवलं. याचे परिणाम तुझ्या मुलाबाळांना भोगावे लागतील असं यशया संदेष्ट्याने सांगितल्यावर तो म्हणतो, बरं आहे, माझ्या हयातीत तरी शांती राहील ना! इतकं उघडंवाघडं वाक्य एखाद्या राजाच्या तोंडी घालायला लिहिणाऱ्याचं धाडस लागतं.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो एली. चाळीस वर्षं इस्राएलाचा न्याय केलेला याजक, वय ९८, डोळे गेलेले, अंगाने जड. वेशीजवळ आसनावर बसलेला असताना देवाच्या कराराचा पवित्र कोश शत्रूने नेल्याची बातमी येते, तो आसनावरून मागे पडतो आणि मान मोडून मरतो. आसनावरून पडून मेला, हे चर्चचा कारभार बघणाऱ्या आपल्या पंच कमिट्यांना इतकं लागू आहे की मी त्यावर उपदेश ऐकायची वाट बघतोय. अजून ऐकला नाही. त्याच्या मुलांनी निवासमंडपात जो धुडगूस घातला तो त्याला माहीत होता. तो त्यांना रागावला, पण आवरलं नाही त्याने.

तरी एलीच्या हातून म्हातारपणात एक मोठं काम झालं आहे. लहान शमुवेलाला रात्री हाक येते, एकदा, दोनदा, तीनदा. तो प्रत्येक वेळी धावत एलीकडे येतो: तुम्ही बोलावलंत ना? तिसऱ्या वेळी एलीच्या लक्षात येतं. काय लक्षात येतं? की परमेश्वर बोलतो आहे, आणि माझ्याशी नाही, या पोराशी बोलतो आहे. चाळीस वर्षं याजकपद सांभाळलेल्या माणसाला हे कळणं आणि ते गिळून पोराला, जा, निज, पुन्हा हाक आली तर असं असं म्हण, हे शिकवणं! सकाळी तो शमुवेलाकडून सगळं वदवून घेतो, काही लपवू नको म्हणतो. ते सगळं त्याच्याच घराण्याविरुद्ध असतं. ऐकून घेतो आणि म्हणतो, तो परमेश्वर आहे, त्याला बरं दिसेल ते तो करो. इतक्या वर्षांचा अनुभव त्याच्या नेमका इथे कामी आला. देवाचा आवाज ओळखायला त्या पोराला अजून येत नव्हतं, म्हाताऱ्याला येत होतं. आणि आवाज ओळखूनही, तो माझ्यासाठीच असणार असं त्याने धरलं नाही.

मानसशास्त्राची माणसं सांगतात की वयाबरोबर माणूस सरासरीने थोडा शांत होतो, थोडा मिळतंजुळतं घेणारा होतो, शिस्तीचा होतो. असेल. पण त्यातलं बरंचसं रक्त थंड होण्याचं काम आहे, त्याला आत्म्याचं फळ म्हणायची घाई नको. प्रेषित पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या, आत्म्याच्या फळांच्या यादीत प्रीती, आनंद, शांती यांच्यापासून सौम्यता आणि इंद्रियदमनापर्यंत नऊ गोष्टी आहेत. इंद्रियंच थकली की इंद्रियदमनाचं श्रेय घेण्यात काय अर्थ? ज्याचा आवाजच बसला आहे त्याने मी हल्ली ओरडत नाही म्हणून साक्ष देऊ नये.

माझं म्हणणं असं आहे. तरुणपणी जे सद्गुण म्हणून कमावलं, तेच म्हातारपणी सोडलं नाही तर नासतं. ज्या खजिनदाराने चाळिशीत पैपैचा हिशेब चोख ठेवला, त्याचा तो चोखपणा मंडळीला देणगी होता. तोच चोखपणा ७८व्या वर्षी दुसऱ्याचा हिशेब उकरायला लागतो. जबाबदारी घेणाऱ्याला ती सोडवत नाही. 'मी आपलं सरळ तोंडावर बोलतो' म्हणणारा तरुण निर्भीड असतो, सत्तरीत त्याच वाक्याने सुनेला रडवतो. यातल्या कोणालाही आपण बदललो असं वाटत नाही, कारण ते बदललेलेच नसतात. तेच तर दुखणं आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात येशू आपला शिष्य पेत्र याला एक विलक्षण गोष्ट सांगतो. तरुण होतास तेव्हा स्वतःची कंबर स्वतः बांधून हवं तिकडे जात होतास. म्हातारा होशील तेव्हा हात लांब करशील, दुसरा कोणी तुझी कंबर बांधील आणि तुला नको तिकडे नेईल. पुढच्याच ओळीत खुलासा आहे की हे पेत्राच्या मरणाविषयी आहे, विश्वासासाठी जीव देणाऱ्याच्या, रक्तसाक्षीच्या मरणाविषयी. ते मान्य करूनही मला दिसतो तो आधी प्रभूला म्हणालेला पेत्र: माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत. त्या माणसाला सेवा घेणं जमत नव्हतं. करणं जमत होतं, तलवार काढणं जमत होतं, पाण्यात उडी टाकणं जमत होतं. त्याच्यासाठी शेवटचा धडा कुठला ठेवला होता, तर हात लांब करण्याचा.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, मिशनच्या शाळेत हेडमास्तर होते. ७९व्या वर्षी अर्धांगवायूने त्यांची डावी बाजू गेली. वाचा शाबूत, बुद्धी शाबूत, हेडमास्तरकी तर फारच शाबूत. अंघोळ घालायला, कपडे बदलायला एक मावशी यायच्या. लुळ्या बाजूच्या माणसाला सदरा घालायची एक रीत असते: बाही आधी लुळ्या हातात, मग धड हातात. काढताना उलट. मावशींना ती हॉस्पिटलात काम करून माहीत होती. नानांना ती मान्य नव्हती. आयुष्यभर सदरा आधी उजव्या हातात घातला, आताही तसाच घालणार. मग दुसरी बाही पाठीमागे अडकायची, शिवण उसवायची, आणि ते मावशींना म्हणायचे, "बाई, तुम्हाला साधं काम येत नाही." सात-आठ महिने हे रोज चाललं. संध्याकाळी घरप्रार्थना ते स्वतः चालवायचे, आणि ती फार सुंदर असायची.

एका सकाळी मी दारातून बघितलं. मावशी बाही गोळा करून उभ्या होत्या. नानांनी उजव्या हाताने आपला डावा हात मनगटाशी धरून उचलला आणि त्यांच्यापुढे धरला. बोलले काही नाहीत. त्यात काही आध्यात्मिक होतं की ते नुसते दमले होते, हे मला आजही ठरवता येत नाही. एवढं खरं की त्यानंतर ते मावशींना नावाने हाक मारायला लागले आणि त्यांच्या मुलाला दहावीचं गणित शिकवायला लागले. संध्याकाळची प्रार्थना कधी कधी माझ्या बायकोने करावी असं म्हणायला लागले. तिची प्रार्थना त्यांच्याइतकी सुंदर नसे. ते आमेन मात्र मोठ्याने म्हणत.

यावर कोणी म्हणेल, हा घरचा किस्सा झाला, सार्वजनिक प्रश्न कुठे आहे? तो धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात आहे. आपल्या बहुतेक मंडळ्यांच्या मालमत्ता १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या ट्रस्टांकडे आहेत. विश्वस्त बदलला की बदलाची नोंद करायला चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, त्याला कोणी हरकत घेतली की तारखा पडत राहतात, आणि ट्रस्टच्या नोंदीवर, परिशिष्ट एकवर, जुनीच नावं बसून राहतात. त्यातली काही माणसं तर प्रभूकडे जाऊनही बसली. या तारखांना जाणाऱ्यांची वयं बघा. हातात पिशवी, पिशवीत फायली, वरच्या खिशात छोटा नवा करार. तिकडे त्यांची नातवंडं पुण्यात कुठल्या तरी हॉलमधल्या फेलोशिपला जातात, जिथे पाळकच पस्तिशीचा आहे. 'तरुण चर्चला येत नाहीत' यावर दर वर्षी शिबिर भरवण्याआधी कोणी तरी या दोन चित्रांची एकत्र नोंद घ्यावी.

मग पंचांना वयाची अट घालावी का? घालावी, मी तिच्या बाजूचा आहे. रोमन कॅथलिक मंडळीत बिशपाने ७५ वर्षं पूर्ण झाली की राजीनामा सादर करायचा असतो. पोप पॉल सहावे यांनी १९७० मध्ये ८० वर्षांवरच्या कार्डिनलांचा, म्हणजे पोप निवडणाऱ्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांचा, पोपच्या निवडणुकीतला मताधिकार काढला. आम्ही प्रॉटेस्टंट एरवी त्यांच्यापेक्षा स्वतःला लोकशाहीवादी समजतो, पण या बाबतीत ते पुढे आहेत.

मात्र अटीने पद सुटतं, पकड सुटत नाही. त्याच मंडळीतली दोन उदाहरणं बघा. पोप जॉन पॉल दुसरे कंपवाताने थरथरत, बोलता येईनासं झालं तरी २००५ मध्ये मरेपर्यंत पदावर राहिले. त्यांच्यानंतरचे बेनेडिक्ट सोळावे २०१३ मध्ये, ८५व्या वर्षी, आता शक्ती उरली नाही असं सांगून उतरले. जवळपास सहाशे वर्षांत कुठल्या पोपने असं केलं नव्हतं. एक राहिला, एक गेला, आणि दोघांतही मला ख्रिस्ती शील दिसतं. पहिल्याने आपलं दुबळेपण सगळ्या जगासमोर लांब केलेल्या हातासारखं धरलं. दुसऱ्याने आसन सोडलं. नियमाला हा फरक कळत नाही. नियम आणावा तो आम्हा बाकीच्यांसाठी, ज्यांना दोन्ही जमत नाही.

आपल्या घरात शोधायला गेलं तर ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक आहेत. माणूस तापट, हे त्यांच्या बायकोनेच, लक्ष्मीबाईंनी, लिहून ठेवलंय. १९१७ मध्ये, म्हणजे पंचावन्नाच्या घरात, जेव्हा इतर जण पेन्शनचा हिशेब करतात तेव्हा त्यांनी अमेरिकन मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा आपला स्वतंत्र उपक्रम मांडला. दोन वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले. दरबाराचं पुढे फारसं काही झालं नाही, असं म्हणून आपण तो विषय संपवतो. मला त्यातला नोकरी सोडण्याचा भाग दरबारापेक्षा मोठा वाटतो.

आणि लक्ष्मीबाई. नवऱ्याने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. पुढची काही वर्षं ताटातूट, पदरात लहान मूल, लोकांची बोलणी. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. साठी उलटल्यावर त्यांनी 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र छापायला दिलं तेव्हा सगळे हिशेब चुकते करायची चांगली संधी होती. तो हिशेब त्यात नाही. नवऱ्याचा विक्षिप्तपणा आहे, सासऱ्यांचा जाच आहे, स्वतःचं सोवळंओवळं तर इतक्या गमतीने सांगितलंय की हसू आवरत नाही. पण कुठे कडू चव नाही. झाकलेलं काही नाही आणि उकरलेलंही नाही. आमच्या त्या १९८७ च्या नाताळ-जेवणाशेजारी हे पुस्तक ठेवून बघावं. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचं काव्य पुढे नेण्याचं कामही त्यांनीच अंगावर घेतलं, आणि त्यांचं शालेय शिक्षण तर जवळपास नव्हतंच.

आता उलट बाजू, कारण 'सोडा, सोडा' हा उपदेश फार सोयीचा आहे. कोणाला? ज्यांना ती जागा हवी आहे त्यांना. मंडळीतल्या एका विधवा आजींना त्यांच्या मुलाने हेच वचन ऐकवलं: आता वय झालं, जगिक गोष्टींचा मोह सोड, घर माझ्या नावावर कर. तिने आयुष्यभर सोडण्याखेरीज दुसरं काही केलेलंच नव्हतं. दागिने सोडले, शिक्षण सोडलं, ताटातला चांगला तुकडा रोज सोडला. अशा बाईने म्हातारपणी शीलात वाढायचं म्हणजे घट्ट धरायला शिकायचं. लूकच्या शुभवर्तमानातल्या दृष्टांतातली ती विधवा न्यायाधीशाचं डोकं खाऊन न्याय मिळवते, आणि येशू तिचं उदाहरण प्रार्थनेसाठी देतो. आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं असं म्हणून हात झटकणाऱ्या मुलांवर तोच येशू मार्कच्या सातव्या अध्यायात किती कडाडतो! २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात कलम २३ आहे: सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता लिहून दिली आणि मुलाने सांभाळलं नाही, तर ते हस्तांतर रद्द करून मागता येतं. हे कलम महिला मंडळात एकदा वाचून दाखवावं असं मी पाळकसाहेबांना सुचवलं आहे.

पंडिता रमाबाईही या दुसऱ्या जातीच्या. तरुणपणी इंग्लंडमध्ये त्यांनी मोठमोठ्या धर्माधिकाऱ्यांशी वाद घातले आणि पुढे त्या मवाळ झाल्या असं कोणी म्हणणार नाही. उत्तर आयुष्यात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर हाती घेतलं, साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ते तिथल्याच बायकांच्या हातांनी छापलं जात होतं. १९२१ मध्ये मनोरमा गेली, एकुलती एक मुलगी, जिच्या हाती सगळं सोपवायचं ती. रमाबाई कामाला लागूनच होत्या. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला १९२४ मध्ये, त्यांच्या पश्चात. ही पकड आणि आमच्या पंचांची पकड यांत फरक आहे, आणि तो ओळखायला फार अक्कल लागत नाही. एकीला काम पुरं व्हायला हवं होतं. दुसऱ्यांना आपण त्या कामावर दिसायला हवं असतं.

एक गोष्ट राहून जायला नको. स्मृतिभ्रंशात माणूस शिव्या देतो, संशय घेतो, पोटच्या पोरावर चोरीचा आळ घालतो. आयुष्यभर कधी आवाज न चढवलेल्या आमच्या एका शब्बाथशाळेच्या बाई शेवटी कोणी जवळ गेलं की चावायला यायच्या. त्यांच्या दफनविधीच्या दिवशी लोक दबक्या आवाजात 'विश्वास ढळला होता' म्हणाले. मेंदूच्या आजाराला अविश्वास म्हणणाऱ्या त्या धडधाकट लोकांच्या शीलाची चर्चा करायला माझी तयारी आहे. बाईंच्या नाही.

यंदाच्या वार्षिक सभेत एक ठराव येतो आहे: कोणत्याही पंचाने सलग दोन मुदतींनंतर निदान एक मुदत बाहेर बसावं, आणि ७५ नंतर उभं राहू नये. तो मीच मांडणार होतो. भाषणही लिहून काढलं होतं, हातकागदाची चार पानं, एली आणि पेत्र दोघंही त्यात होते. सुनेने वाचलं आणि विचारलं, "बाबा, या ठरावावर तुम्ही किती वर्षं बोलणार आहात?" मी दोन दिवस गप्प होतो. मग ते कागद आमच्या नव्या सेक्रेटरीला नेऊन दिले. ती २९ वर्षांची आहे, बँकेत नोकरीला आहे. तिने माझ्यासमोरच पेन काढलं, साडेतीन पानांवर रेघ मारली आणि म्हणाली, "काका, एवढं पुरे. मांडते मी."

तिने कापलेली साडेतीन पानं चांगली होती, एवढं मात्र मी इथे नोंदवून ठेवतो.